शोधयंत्राचा क्रमांक : मोजमाप की मत?

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एक वेगळाच खटला दाखल झाला. सर्च किंग नावाच्या एका छोट्या कंपनीने गूगल या शोधयंत्राच्या कंपनीवर फिर्याद केली होती. त्या काळी गूगलची एक लहानशी पट्टी संगणकावर बसवली की उघडलेल्या पानाचा ‘पेजरँक’ ० ते १० यांमधील एका अंकाने दिसत असे. ही सोय २०१६ पर्यंत होती. ज्या संकेतस्थळांचा अंक मोठा, त्यांवर इतरांच्या जाहिराती व दुवे लावून द्यायचे आणि अंकाच्या मानाने पैसे आकारायचे, असा धंदा सर्च किंगने सुरू केला. लवकरच गूगलने सर्च किंगचे अंक खाली आणले. धंदा बुडाला, म्हणून नुकसानभरपाईची मागणी झाली.

मे २००३ मध्ये न्यायालयाने फिर्याद काढून टाकली. निकालाचा आशय असा होता : पानाला दिलेला अंक हे गूगलचे त्या पानाविषयीचे मत आहे; असे मत खोटे आहे हे सिद्ध करता येत नाही, आणि मत व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेले आहे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा निकाल थोडा खटकला पाहिजे. सूत्र ठरलेले, आकडेमोड यंत्राने केलेली, आणि उत्तर म्हणजे ‘मत’? तापमापीने ३८ अंश दाखवले तर ते तापमापीचे मत आहे असे आपण म्हणत नाही. मग पेजरँक आणि तापमान यांत फरक कोणता? याचे उत्तर शोधायचे तर आधी तो अंक कसा काढतात हे पाहिले पाहिजे.

शिफारशींचे गणित

सुरुवातीची शोधयंत्रे मुख्यतः शब्द मोजत. ‘छत्री’ हा शब्द ज्या पानावर जास्त वेळा, ते पान वर. साहजिकच लोक पानाच्या तळाशी ‘छत्री, छत्री, छत्री’ असे शंभर वेळा लिहू लागले, आणि तेही पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत! वाचकाला काही दिसत नसे, यंत्र मात्र फसत असे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९६ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी निराळी वाट धरली. पानावर काय लिहिले आहे याबरोबरच इतर पाने त्या पानाकडे बोट दाखवतात का, हे पाहायचे. एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या खुणेला आपण दुवा म्हणतो. दुवा ही एक प्रकारची शिफारस आहे. ही कल्पना विज्ञानाला नवी नव्हती. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला हे मोजण्यासाठी युजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून उल्लेखांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. पुढे १९७६ मध्ये पिन्स्की व नारिन यांनी असे सुचवले की सर्व उल्लेख सारखे धरू नयेत. ज्या नियतकालिकाचे वजन जास्त, त्यातील उल्लेखाचे वजनही जास्त धरावे.

येथे एक अडचण दिसते. ‘क’ चे वजन त्याची शिफारस करणाऱ्या ‘ग’ वर अवलंबून, आणि ‘ग’ चे वजन पुन्हा ‘क’ वर. मग सुरुवात कोठून करायची? एक छोटे उदाहरण घेऊ. इंटरनेटवर फक्त तीन पाने आहेत असे समजा. ‘क’ वरून दोन दुवे निघतात, एक ‘ख’ कडे व एक ‘ग’ कडे. ‘ख’ वरून एकच, ‘ग’ कडे. ‘ग’ वरून एकच, ‘क’ कडे. प्रत्येक पानावर ४० याप्रमाणे १२० वाचक बसवा. दर मिनिटाला घंटा वाजते आणि प्रत्येक वाचक आपल्या पानावरील एखाद्या दुव्याने पुढच्या पानावर जातो. ‘क’ वरील वाचक निम्मे-निम्मे वाटले जातात. आकडे असे बदलतात :

आरंभी : क ४०, ख ४०, ग ४०
पहिल्या घंटेनंतर : क ४०, ख २०, ग ६०
दुसऱ्या : क ६०, ख २०, ग ४०
तिसऱ्या : क ४०, ख ३०, ग ५०
चौथ्या : क ५०, ख २०, ग ५०
पाचव्या : क ५०, ख २५, ग ४५
सहाव्या : क ४५, ख २५, ग ५०

पुढे चालू ठेवलेत तर आकडे हळूहळू ४८, २४ व ४८ यांवर येऊन स्थिरावतात. (यानंतर अर्धा माणूस येऊ लागेल, त्याची चिंता करू नये.) आरंभी ४०-४०-४० ऐवजी १२०-०-० घेऊन पाहा, शेवट तोच येईल. म्हणजे सुरुवात कोठून करायची हा प्रश्न उरतच नाही. तीन टाक्या नळ्यांनी जोडल्या असता पाणी ज्याप्रमाणे वाहत राहते, तरी प्रत्येक टाकीतील पातळी कायम राहते, तसाच हा गतिशील समतोल आहे. ४८, २४, ४८ हेच त्या पानांचे वजन.

आता जरा बारकाईने पाहा. ‘क’ कडे येणारा दुवा एक, आणि ‘ख’ कडे येणाराही एकच. तरी ‘क’ चे वजन दुप्पट आहे. कारण ‘ग’ ने आपली सगळी शिफारस ‘क’ ला दिली, तर ‘क’ ने आपली शिफारस दोघांत वाटली. शिफारशींची संख्या नव्हे, तर कोण करतो आणि तो आणखी किती जणांची करतो, यावर वजन ठरते.

‘मी काहीच केले नाही, मग खाली का गेलो?’

संकेतस्थळ चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार असते. पानाला हात लावला नाही, मजकूर तोच, तरी क्रमांक घसरला. आपल्या तीन पानांवरच याचे उत्तर मिळते. समजा ‘ग’ ने ‘क’ चा दुवा तसाच ठेवून आणखी एक दुवा ‘ख’ ला दिला. आता समतोल काढलात तर क सुमारे २७, ख ४० आणि ग सुमारे ५३ येतात. ‘क’ ने काहीही केलेले नसता तो ४८ वरून २७ वर आला. एकूण वाचक १२० च आहेत. एकाचे वाढले की दुसऱ्याचे कमी होणारच. वर्गातला क्रमांक जसा केवळ आपल्या गुणांवर ठरत नाही, तसेच हे.

परंतु सगळीच घसरण अशी निर्दोष नसते. समजा ‘ग’ लबाड आहे. तो ‘क’ चा दुवा काढून टाकतो, स्वतःचेच एक नवे पान ‘घ’ तयार करतो आणि ग व घ एकमेकांकडेच दुवे देतात. आलेला वाचक त्या दोघांतच फिरत राहतो. थोड्याच घंटांत क आणि ख रिकामे! यासाठी पेज व ब्रिन यांनी गणितात एक झडप ठेवली. दर घंटेला १०० पैकी ८५ वाचक दुव्याने जातात. उरलेले १५ दुवे सोडून कोठल्याही पानावर चिठ्ठी टाकल्याप्रमाणे जाऊन बसतात. चार पानांवर मिळून ४०० वाचक घेऊन हे गणित केले तर क १५, ख सुमारे २१, ग सुमारे १८८ व घ सुमारे १७५ असे उत्तर येते. क आणि ख शून्यावर गेले नाहीत हे खरे. पण ४०० पैकी सुमारे ३६४ वाचक अजूनही लबाडाच्याच घरात आहेत.

शिवाय या झडपेने एक नवीनच चोरवाट उघडली. चिठ्ठीचे वाचक प्रत्येक पानाला मिळतात, मग ते पान कितीही टाकाऊ असो. तेव्हा हजार टाकाऊ पाने तयार करा आणि त्या सर्वांचे दुवे आपल्या एका पानाकडे वळवा. ‘दुव्यांची शेते’ म्हणून ही पाने बदनाम झाली. त्यांना ओळखून बाजूला काढण्यासाठी गूगलला वेळोवेळी नियम बदलावे लागले. नोव्हेंबर २००३ मधील असा एक बदल ‘फ्लॉरिडा’ या नावाने ओळखला जातो. तो आला नाताळच्या खरेदीच्या तोंडावर. अनेक लहान दुकाने पहिल्या पानांवरून दिसेनाशी झाली, आणि त्यांत शेतवाल्यांबरोबर प्रामाणिक दुकानदारही होते. वर्षभराची कमाई ज्या महिन्यावर, त्याच महिन्यात गिऱ्हाईक नाही, ही आपत्ती लहान नव्हे.

आता खटल्याकडे वळू. तापमानाची व्याख्या तापमापी विकणाऱ्याच्या हातात नसते. पाण्याचा उत्कलनबिंदू निराळ्या बनावटीच्या दोन तापमाप्यांनी मोजला तर उत्तर एकच यावे लागते. पेजरँकचे तसे नाही. ८५ ऐवजी ७० घेतले तर आकडे बदलतात. कोणते दुवे ‘खरे’ धरायचे आणि कोणते ‘शेतातले’, हे कोणीतरी ठरवतो. सूत्र ठरल्यानंतरची आकडेमोड निःपक्षपाती असते. सूत्राची निवड मात्र माणसांची असते. या अर्थाने न्यायालयाचे म्हणणे बरोबर होते असे मला वाटते. फक्त एक गोष्ट त्यात भर घालण्यासारखी आहे : ज्याच्या मतावर लाखो दुकाने चालतात, त्याचे मत आणि तुमचे-माझे मत यांची जात एक असली तरी परिणाम एक नाही.

जाहिरातीचा लिलाव

यादीच्या वर किंवा बाजूला ज्या जाहिराती दिसतात त्यांचा क्रम अगदी वेगळ्या रीतीने ठरतो. गूगलने ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली व फेब्रुवारी २००२ पासून तिला लिलावाचे रूप दिले. त्या लिलावाचे तत्त्व असे. ‘छत्री’ या शब्दासाठी तीन दुकानदार बोली लावतात. जाहिरातीवर कोणी बोट ठेवून दुकानात आला तरच पैसे द्यायचे. पहिला दुकानदार दर गिऱ्हाइकामागे १० रुपये, दुसरा ६ व तिसरा ४ रुपये द्यायला तयार आहे. जाहिरात पाहणाऱ्या १०० जणांपैकी पहिल्याकडे २, दुसऱ्याकडे ५ आणि तिसऱ्याकडे ४ जण वळतात. गुणाकार करा : २०, ३० आणि १६. वरची जागा मिळते दुसऱ्याला! आणि त्याला ६ रुपये पडत नाहीत. पहिल्याच्या २० च्या किंचित वर राहण्यापुरतेच द्यावे लागतात, म्हणजे २० भागिले ५, सुमारे ४ रुपये. पहिल्याला १६ भागिले २, म्हणजे सुमारे ८ रुपये द्यावे लागतात. खालच्या जागेला दुप्पट दर! नीरस जाहिरात देणाऱ्याला येथे आपोआप दंड बसतो. पुढे या हिशेबात इतर अनेक गोष्टी मिसळल्या गेल्या.

मग जाहिरातीला पैसे दिले तर मूळ यादीतला क्रमांकही सुधारतो का? कंपनीचे जाहीर उत्तर पहिल्यापासून ‘नाही’ असे आहे. दुकानदार मात्र सांगतो, ‘मी मे महिन्यात जाहिरात दिली आणि जूनमध्ये वर आलो.’ यावरून काय सिद्ध होते? काहीच नाही. जूनमध्ये पाऊस येतो आणि छत्र्यांच्या पानांचे दुवे लोक एकमेकांना देऊ लागतात. जाहिरात पाहून आलेल्या एखाद्याला दुकान आवडले व त्याने आपल्या पानावर दुवा दिला, तरीही क्रमांक वाढेल. पण तो पैशाने नव्हे, दुव्याने. प्रयोगशाळेत आपण एक राशी बदलताना बाकीच्या स्थिर ठेवतो. येथे बाकीचे अब्जावधी दुवे स्थिर ठेवायचे कसे? त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे की, ज्या कारणाने दुकानदाराचा आरोप सिद्ध होत नाही, त्याच कारणाने कंपनीचा नकारही बाहेरून तपासता येत नाही.

विशेष म्हणजे या धोक्याची सूचना खुद्द पेज व ब्रिन यांनीच देऊन ठेवली होती. एप्रिल १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील परिषदेत त्यांनी आपला निबंध सादर केला. त्याच्या परिशिष्टात त्यांनी लिहिले की जाहिरातींवर चालणाऱ्या शोधयंत्राचा कल जाहिरातदारांकडे झुकणे स्वाभाविक आहे. उदाहरणही दिले : ‘सेल्युलर फोन’ असे शोधले असता त्यांच्या यंत्रात सर्वांत वर येत होते ते गाडी चालवताना फोनवर बोलल्याने लक्ष कसे विचलित होते याविषयीचे पान. फोनच्या जाहिरातींचे पैसे घेणाऱ्याला असे पान वर ठेवणे जड जाईल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांत जाहिराती सुरू झाल्या. २०२३ मध्ये मूळ कंपनी अल्फाबेटचे उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होते. त्यांपैकी सुमारे २३८ अब्ज जाहिरातींचे. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की गूगलने शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवली. फोनमध्ये व ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे यासाठी तिने एकट्या २०२१ सालात २६.३ अब्ज डॉलर दिल्याचे त्या खटल्यात पुढे आले.

मे २०२४ पासून अमेरिकेत, व नंतर इतरत्र, यादीच्याही वर यंत्राने स्वतः जुळवलेले उत्तर दिसू लागले. वाचक ते वाचून तेथेच थांबला तर ज्या पानांवरून ते उत्तर घेतले त्यांच्याकडे जाणार कोण, आणि दुवा देणार कोण, हा पानवाल्यांचा सर्वांत ताजा प्रश्न आहे.

करून पाहा

वर्गातील प्रत्येकाने ‘गणित अडले तर मी कोणाला विचारीन’ अशी एक किंवा दोन नावे चिठ्ठीवर लिहावीत. त्यांवरून वरील पद्धतीने वजने काढावीत. सर्वांत जास्त चिठ्ठ्या मिळालेला आणि सर्वांत जास्त वजनाचा विद्यार्थी एकच येतो का, ते पाहावे.

दुसरे एक गणित. आपल्या मूळ तीन पानांत ‘क’ ने ‘ख’ चा दुवा काढून टाकला व फक्त ‘ग’ चा ठेवला. ४०-४०-४० पासून सुरुवात करून दहा घंटा वाजवा. आकडे स्थिरावतात का? न स्थिरावल्यास ८५ व १५ ची झडप लावून पुन्हा करा, आणि घर्षण नसलेल्या व असलेल्या लंबकाशी ताडून पाहा.