हक्क आणि हक्कसोडपत्र

राज्यघटनेच्या कलम १५ ने लिंगभेदास मनाई केली. पण वारसाहक्कात तो उरलाच. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलाची बरोबरी दिली नाही. महाराष्ट्राने ती १९९४ मध्ये तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना दिली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहितांनाही दिली.

कायद्याचे काम येथे संपते. माहेर तुटेल या भीतीने बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि कायद्याने दिलेले एका कागदाने परत जाते.

विद्यार्थी बंधूंनो, आपल्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे काय, हे आधी पाहा.