हृद्रोग्याचे चालणे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यास पूर्वी कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागे. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. लेव्हाइन व डॉ. लाऊन यांनी अशा रोग्यास लवकरच खुर्चीत बसविण्याचा उपचार मांडला. पुढे व्यायाम, पथ्य, औषध व मनाची उभारी यांची सांगड घालून ‘हृदय-पुनर्वसन’ हा उपक्रम सिद्ध झाला. पुष्कळ ठिकाणी तो सुमारे बारा आठवड्यांचा असतो.

या उपक्रमाने कोलेस्टेरॉल उतरते काय? याचे उत्तर मिळण्यापूर्वी एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. कोलेस्टेरॉल रक्तात सुटे वाहत नाही. सूक्ष्म कणांतून त्याची ने-आण होते. एलडीएल नामक कणांतील कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत साचते. एचडीएल कण तेथील शिल्लक यकृताकडे परत नेतात. ट्रायग्लिसराइड हा याहून निराळा स्निग्ध पदार्थ होय.

नियमित चालण्याने स्नायू ट्रायग्लिसराइड अधिक खर्च करतात, म्हणून त्याचे प्रमाण घटते. एचडीएलही किंचित वाढते. परंतु एलडीएलवर नुसत्या व्यायामाचा परिणाम अल्पच होतो. कारण ते रक्तातून वेचून घेण्याचे काम मुख्यत्वे यकृताचे आहे. यकृतपेशींवरील ज्या ग्राहकांमुळे हे काम घडते, त्यांच्या शोधाबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तूप, लोणी, साय, खोबरे यांचा अतिरेक झाला की हे ग्राहक घटतात. स्टॅटिन वर्गातील गोळ्यांनी ते वाढतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर युरोपातील ४,४४४ हृद्रोग्यांच्या अभ्यासात अशा एका गोळीने एलडीएल सुमारे ३५ टक्के व मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के कमी झाले.

अनेकांची फसगत होते ती येथेच. तीन महिने नेमाने चालल्यावर जिना चढताना दम लागत नाही, अंगी हुशारी वाटते. मग ‘आता गोळी कशाला?’ असे मनात येते. गोळी सुटली की काही आठवड्यांतच एलडीएल पूर्ववत चढते. आणि ते चढल्याची कोणतीही वेदना होत नाही. उलटपक्षी, गोळी घेतो म्हणून चालणे सोडणाराही चुकतो. व्यायामाने रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास साह्य होते आणि बळ वाढते. पुनर्वसनाने हृद्रोगामुळे येणारे मृत्यू कमी होतात, असेही दिसून आले आहे.

सारांश, चालणे, पथ्य व गोळी यांची कामे भिन्न आहेत. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. हृद्रोग्याचे एलडीएल दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या आत, कित्येकांचे ५५ च्याही आत असावे, असे तज्ज्ञ सांगतात. ते तेथे आहे की नाही, हे आपल्या अंगच्या उत्साहावरून कळत नाही, रक्ततपासणीवरूनच कळते. म्हणून गोळी कमी करणे वा थांबविणे हा निर्णय आपला नव्हे, वैद्यांचा होय, हे प्रत्येक हृद्रोग्याने व त्याच्या घरच्यांनी कायमचे लक्षात ठेवावे.