विनोद कळला नाही, तर पुढे काय?

मोठ्यानं, हातवारे करून सांगितलेला विनोद फसला, तर चारचौघांत शांतता पसरते, सांगणारा ओशाळतो आणि विषय तिथेच संपतो. चेहऱ्यावरची रेष न हलवता, रोजच्याच आवाजात केलेला कोरडा विनोद फसतो तेव्हा असं काही होत नाही. समोरचा मान डोलावतो, 'बरं' म्हणतो आणि ऐकलेलं वाक्य खरं समजून घरी जातो. पुढे त्या वाक्यानं काय काय केलं, हे बोलणाऱ्याच्या कानावरही येत नाही. मी कोकणातल्या तिरकस बोलणाऱ्या घरात वाढले, वऱ्हाडात नांदले आणि नोकरी कचेरीत केली. तिन्ही ठिकाणी असे विनोद खुललेले पाहिले आणि त्यांनी माणसं दुखावलेलीही पाहिली. ज्यांना असं बोलायला आवडतं आणि ज्यांना ते ऐकावं लागतं, अशा दोघांसाठी हे लिहिते आहे.

साक्षगंधाची पंगत

माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे तोंडभरून कौतुक करण्याची रीत कमी. फणस उत्तम निघाला तर 'खाण्यासारखा आहे' म्हणायचं, आणि त्यातलं कौतुक ऐकणाऱ्यानं ओळखायचं. माझे मामा या बोलण्यात तरबेज. माझ्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, माहेरची मंडळी अमरावतीला आली. सासरच्या बायका पहाटेपासून स्वयंपाकघरात होत्या. पंगतीत मामांनी पुरणपोळी पुन्हा पुन्हा मागून घेतली. सासऱ्यांनी विचारलं, "मामासाहेब, स्वयंपाक कसा झाला?" मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "काही खास नाही. आपलाच अंदाज चुकत नाही ना, म्हणून सारखी वाढून घेतोय."

आमच्याकडचे लोक गालातल्या गालात हसले. वाढणारा मुलगा आत गेला आणि त्यानं सांगितलं, पाहुणे म्हणतात स्वयंपाक काही खास नाही.

लग्नानंतर मला दिसायला लागलं, की माहेरचं कुणी येणार म्हटलं की सासूबाई आदल्या दिवसापासून धास्तावतात. जेवणं होईपर्यंत त्या कुणाशी धड बोलत नसत. कारण चुलत सासूबाईंनी सांगितलं. मी मामांना पत्र लिहिलं. पुढच्या खेपेला आले तेव्हा ते थेट सासूबाईंपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "विहीणबाई, साक्षगंधाच्या दिवशीच्या पुरणपोळ्या फार सुरेख झाल्या होत्या. मी तिरकं बोललो आणि तुमच्या कष्टांचा मान राहिला नाही. हे तुम्हाला समक्ष सांगायचं होतं." सासूबाई म्हणाल्या, "मंग तवाच सांगाचं होतं ना भाऊ!" त्यानंतर माहेरच्या पाहुण्यांची धास्ती त्या घरातून गेली.

मामांनी तेव्हा जे केलं, तेच मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. आपला विनोद कसा होता, त्यात गंमत कुठे होती, हे त्यांनी समजावलं नाही. विनोदाच्या मागे जे खरं होतं, ते त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. फसलेल्या कोरड्या विनोदावर याहून चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही.

रंगमंचावर जमतं, घरात का फसतं?

कोरड्या विनोदात शब्द एक सांगतात आणि अर्थ दुसराच असतो. त्या दुसऱ्या अर्थाकडे नेणारी खूण कुठेतरी असावी लागते. ती आवाजात असते, डोळ्यांत असते किंवा प्रसंगात असते. आवाजाच्या फिरकीनं वाक्याचा अर्थ पालटतो, त्याला संस्कृत काव्यशास्त्रात 'काकू' म्हणतात आणि भरताच्या नाट्यशास्त्रातही त्याचा विचार आहे. वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं की शब्द तेवढे पोचतात, ही फिरकी वाटेत गळते. साक्षगंधाच्या दिवशी तेच झालं. शिवाय वाक्याचा दुसरा अर्धा भागही आत गेला नाही.

साहित्यात आणि रंगमंचावर ही खूण आधीच दिलेली असते. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपल्या फजित्या अगदी गंभीरपणे सांगतो, पण वाचकानं विनोदी पुस्तक म्हणूनच ते हातात घेतलेलं असतं. पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला अंतू बर्वा रत्नागिरीच्या तिरकस बोलण्याचा अर्क आहे. त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अंतूशेटचं कुजकं वाटणारं बोलणं आपल्याला जवळचं वाटतं, कारण मध्ये पु. ल. उभे आहेत आणि त्या बोलण्यामागचं एकाकी माणूसपण ते दाखवत राहतात. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला उभे राहत, तेव्हा समोरचा श्रोता ऐकायला आणि हसायला तयार होऊन आलेला असे. पुणेरी पाटी वाचणाऱ्यालाही पुणेरी पाटी म्हणजे काय ते ठाऊक असतं. घरात, कचेरीत, गाडीच्या डब्यात अशी तयारी कुणाचीच नसते. तिथे माणूस समोरच्याचं बोलणं खरं धरून चालतो, आणि तसंच असायला हवं. नाहीतर रोजचा व्यवहारच होणार नाही.

बोलणाऱ्यावर विश्वास जितका जास्त, तितका त्याचा कोरडा विनोद खरा वाटण्याचा संभव जास्त. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधलं एक कुटुंब झाडांवरून स्पॅगेटीचं पीक उतरवताना दाखवलं. निवेदन होतं रिचर्ड डिंबलबी यांचं, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत भारदस्त आवाजांपैकी एक. तारीख १ एप्रिल असूनही अनेकांनी ते खरं मानलं, आणि हे झाड कसं लावायचं अशी विचारणा करणारे फोनही बीबीसीला आले. त्या प्रेक्षकांना हसण्यात अर्थ नाही. ज्या आवाजानं त्यांना कधी फसवलं नव्हतं, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

वरच्या खुर्चीतून

हाच विश्वास कचेरीत धाकाबरोबर येतो. आमच्या कार्यालयात एक साहेब होते, मनानं चांगले. नव्यानं रुजू झालेल्या एका मुलीनं पत्राचा मसुदा उत्तम करून आणला. साहेबांनी तो वाचला आणि मान वर न करता म्हणाले, "फारच चांगलं लिहिलंय. असं पुन्हा करू नका." आम्ही जुनी माणसं हसलो. ती मुलगी 'हो सर' म्हणून जागेवर गेली. त्यानंतर तिचे मसुदे आखूड, कोरडे, दोन ओळींचे येऊ लागले. शेवटी तिला मी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की आपण कचेरीची रीत मोडली असं तिला वाटत होतं. साहेबांना 'म्हणजे काय?' असं विचारण्याची तिची प्राज्ञाच नव्हती.

म्हणून अधिकाराच्या जागेवरच्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे. हाताखालच्या माणसाच्या कामाबद्दल, रजेबद्दल, पगाराबद्दल, नोकरीबद्दल कोरडा विनोद करू नका. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या निकालाबद्दल आणि डॉक्टरांनी रोग्याच्या तब्येतीबद्दल तो टाळावा. समोरच्याला उलट विचारता येत नसेल, तर तो विनोद करण्याची ती जागा नव्हे.

लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरच्या सूचनाफलकावर कुणीतरी गमतीनं लिहिलं, की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी ती खरीच धोक्याची सूचना समजली. त्यावर चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं, की गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा काढावा. आज आपल्या फोनमध्ये असलेल्या हसऱ्या चेहऱ्यांच्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल, आणि ते न कळलेल्या विनोदामुळे पडलं.

२००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संशोधन प्रसिद्ध केलं. उपरोधिक वाक्यं ई-मेलनं पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, की वाचणारा ७८ टक्के वेळा खरा रोख ओळखेल. प्रत्यक्षात ते प्रमाण ५६ टक्के निघालं, म्हणजे छापा-काट्याच्या जरासं वर. तीच वाक्यं आवाजात ऐकणाऱ्यांनी ७३ टक्के वेळा बरोबर ओळखली. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, म्हणून तो कागदावरही उतरला असं वाटतं.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात एकानं लिहिलं, की उद्यापासून मेंटेनन्स भरलेल्यांनाच पाणी मिळेल. लिहिणाऱ्याचा रोख थकबाकीदारांवर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या, एकट्या राहणाऱ्या आजींनी घाबरून घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं, आणि जड बादल्या उचलल्यानं त्यांची पाठ धरली. पाणी, वीज, तब्येत, मृत्यू, पैसे आणि मुलांच्या परीक्षा यांवर गटात कोरडी गंमत लिहू नये. बाकी विषयांवर लिहिली तर सोबत हसरा चेहरा जरूर टाकावा. त्यानं विनोदाची धार थोडी कमी होते, पण कुणाची धावपळ होत नाही.

विनोद करताना

चांगला कोरडा विनोद करणाऱ्यांना जवळून पाहून काही गोष्टी माझ्या लक्षात आल्या.

वाक्य खरं असणं अशक्य वाटेल इतकं ते पुढे न्यावं. 'उशीर झाला, आता जेवण नाही' हे खरं वाटू शकतं. 'उशीर झाला, आता पुढच्या गुढीपाडव्याला या' हे सहसा कुणी खरं मानणार नाही.

ज्या गोष्टीवर विनोद आहे, ती दोघांनाही ठाऊक हवी. धो धो पावसात भिजून आलेल्याला 'बाहेर थोडं दमट आहे वाटतं' म्हटलं की तो हसतो, कारण पाऊस दोघांनीही पाहिलेला असतो.

समोरच्यानं ज्यासाठी घाम गाळला आहे, त्याला निदान पहिल्या भेटीत हात लावू नये. रंग, वजन, मूल होणं न होणं, नोकरी जाणं यांना कधीच नाही.

वाक्य संपलं की थांबावं, पण नजर समोरच्याकडे असू द्यावी. खिडकीबाहेर पाहत बोललेलं वाक्य चटकन खरं वाटतं. नजरेला नजर असली, तर समोरचा गोंधळला आहे हेही तत्काळ दिसतं.

लहान मुलं वाक्य जसंच्या तसं घेतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना शब्द मिळतात, सूर निसटतो. नुकतीच मराठी शिकलेल्या माणसाचं लक्ष शब्दांचा अर्थ लावण्यात गुंतलेलं असतं. या तिघांशी बोलताना हसत बोलावं.

हसू आलं नाही, तर

आधी हे पाहावं, की विनोद खरंच निसटला का. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मितापासून अतिहसितापर्यंत ते चढत जातात, आणि स्मितात तर दातही दिसत नाहीत. कोरड्या विनोदाला दाद बहुधा तेवढीच असते. ती मिळाली असेल तर पुरे मानावं.

विनोद निसटला, पण कुणाचं काही बिघडलं नाही, तर तो सोडून द्यावा. तेच वाक्य पुन्हा म्हणू नये. 'कळलं का?' असं विचारू नये, त्यानं ऐकणाऱ्याची परीक्षा घेतल्यासारखं होतं.

समोरच्यानं वाक्य खरं मानलं आणि तो त्यावरून काही करणार असेल, किंवा त्याचा चेहरा पडला असेल, तर क्षणाचाही उशीर करू नये. 'गंमत केली' एवढ्यावरही थांबू नये. खरं काय ते सांगावं. 'मसुदा उत्तम आहे, पुढेही असाच लिहा.' 'पाणी सगळ्यांना येणार आहे.' गैरसमज जिथे झाला तिथेच तो दूर करावा. गटात लिहिलं असेल तर गटात, एखाद्याला दुखावलं असेल तर त्याला एकट्याला गाठून.

'तुम्हाला विनोदच कळत नाही' हे वाक्य मात्र कायमचं टाकून द्यावं. आधी माणूस गोंधळलेला असतो, या वाक्यानं तो अपमानित होतो. खूण द्यायची जबाबदारी बोलणाऱ्याची असते.

ऐकणाऱ्यांसाठी

शंका आली तर विचारावं. 'हे गमतीनं म्हणालात ना?' या प्रश्नात कमीपणा काहीच नाही. विनोद कळला, तर त्याच सुरात उत्तर द्यावं. कोरडा विनोद करणाऱ्याला खळखळून हसण्यापेक्षा असं उत्तर अधिक आवडतं. आणि आपल्याला कळलं, पण शेजारच्याला कळलं नाही असं दिसलं, तर आपणच पुढे व्हावं. साहेबांच्या त्या वाक्यावर आमच्यापैकी कुणी त्या मुलीला लगेच म्हटलं असतं, 'अगं, साहेब कौतुक करतायत,' तर तिचे पुढचे दिवस सुखाचे गेले असते. तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला ते करता आलं असतं.

हे सगळं वाचून कुणी तिरकस बोलणंच सोडून द्यावं, असं मला मुळीच वाटत नाही. कोकणच्या ओटीवरची ती शांत, टोकदार वाक्यं आपल्या भाषेचं वैभव आहेत, आणि दुःखाच्या दिवसांत त्यांनी आमच्या घराला धीरही दिला आहे. फक्त गरज पडेल तेव्हा सरळ बोलण्याची तयारी त्यांच्यासोबत हवी. मामांनी समोर येऊन सरळ सांगितलं, त्यानंतर सासूबाई त्यांच्या तिरकस बोलण्याला निर्धास्त हसू लागल्या, कारण या माणसाच्या मनात काय आहे हे आता त्यांना ठाऊक होतं. आपल्या माणसांना तुमचं मन असं एकदा कळू द्या, मग विनोद हवा तेवढा कोरडा ठेवा.