पाचवे शील मोडले, तर कोठे जावे?

16 ऑक्टोबर 1956 रोजी चांद्याला बाबासाहेबांनी हजारोंना दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही एक आहे. ती घेतलेल्या घरात कोणी पिऊ लागला, की घर गप्प बसते. त्यात गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी. धम्माची लाज आणि पोलिसांची भीती, दोन्ही मिळून पिणाऱ्याचे तोंड बंद करतात. मोहाची दारू मात्र चोरून मिळतेच.

चामोर्शीकडील अशा माणसाने प्रथम ग्रामीण रुग्णालयात जावे. 2016 साली सुरू झालेल्या 'मुक्तिपथ'ने तालुक्याच्या गावी व्यसन-उपचाराची सोय केली, तिथेही विचारावे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जिवावर बेतते. त्याला शपथ घालून खोलीत कोंडू नये.

मग बैठक. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेत दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून उभी राहिली. तिथे फी नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. आडनावही कोणी विचारीत नाही. आडनावावरून जात हुंगणाऱ्या आपल्या मुलखात ही केवढी सोय! प्रत्येकजण आपलीच हकीकत सांगतो. बोलवत नसेल त्याने नुसते ऐकावे. पुन्हा प्यालेल्यानेही परत यावे.

जवळ गट नसेल, तर दोघा-तिघांनीही बसता येते. त्यासाठी विहाराची खोली जरूर द्यावी. मात्र त्या तासाला समितीच्या मंडळींनी बाहेर थांबावे.