हस्तव्यवसाय आणि कमी खर्चाची सहल

प्रश्न : केळीच्या धाग्याच्या पिशव्या बनवणाऱ्या जळगावच्या कुटुंबाने व्यवसाय सांभाळून स्वस्तात सहली कशा आखाव्यात?

उत्तर : घड काढल्यावर उरणाऱ्या खोडापासून मिळणाऱ्या या धाग्याच्या व्यवसायातील खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल व मजुरी यांत सतत फिरणारी रक्कम, सहलीसाठी वापरू नये, त्याऐवजी नफ्याचा ठरावीक वाटा स्वतंत्र खात्यात साठवावा. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना तिकिटावर ५० टक्के सवलत असल्याने पद्मालय, पाटणादेवी किंवा धुळ्याजवळचा लळिंग किल्ला येथील एकदिवसीय सहल परवडते, तर दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेत विक्री आणि सहल एकत्र साधता येते. मात्र तेथील मालवाहतूक व्यवसायाच्या आणि कुटुंबाचा जेवणखर्च घरच्या हिशेबात लिहावा. हिशेब वेगळे राहिले, तरच दोन्ही टिकतात.