तारानौकेचे नाव कोणी ठेवले?
(इयत्ता सहावी व सातवी : कथालेखनाच्या तासासाठी)

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस स्वतंत्र कथा लिहावयास सांगितली असता ती बहुधा पहिल्याच वाक्यावर अडते. तीच मुले ऐकलेल्या गोष्टीचा पुढील भाग लिहावयास सांगितल्यास पानामागून पान भरून टाकतात. याचे कारण उघड आहे. जग आयते मिळालेले असते, पात्रे परिचयाची असतात. विद्यार्थ्याने केवळ एक नवा प्रसंग घडवावयाचा असतो. कीर्तनकार महाभारतातील आख्यान लावतो आणि त्यात आपल्या गावचा बाजार आणून बसवितो, तोही याच जातीचा व्यवहार होय. पाश्चात्त्य देशांत एखाद्या मालिकेवर अथवा कादंबरीवर लुब्ध झालेले रसिक अशा कथा स्वतः रचतात व त्या लेखनास 'फॅन फिक्शन' म्हणतात. अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी तिच्या चाहत्यांचे 'स्पॉकॅनेलिया' नावाचे चक्रमुद्रित नियतकालिक निघाले. शाळेत हस्तलिखित काढणाऱ्या शिक्षकांस हा उद्योग परका वाटू नये.

मालिकेतील मुख्य नौका 'एंटरप्राइझ' हिच्यावर नायक व त्याचे सहकारी अगोदरच आरूढ असल्यामुळे नव्या लेखकास बहुधा दुसरी तारानौका निर्माण करावी लागते. म्हणजे पहिले काम नाव ठेवण्याचे. येथे वह्यांतून दोन प्रकार आढळतात. काही मुले 'सुपर स्टार', 'रॉकेट किंग', 'स्काय फायटर' अशी नावे लिहितात, कारण आकाशात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालत नाही अशी त्यांची समजूत असते. काही मुले गुरुजी प्रसन्न व्हावेत म्हणून 'गगनविजयध्वजवाहिनी' असे काही जुळवितात. दोन्ही नावांत दोष एकच. नाव लेखकाने ठेवलेले दिसते. कथेतील कोणी ठेवलेले दिसत नाही. म्हणून शिक्षकांनी नाव चांगले की वाईट हे सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हे नाव कोणी ठेवले, आणि केव्हा?

या प्रश्नाचे बळ 'स्टार ट्रेक'च्याच उदाहरणाने स्पष्ट होईल. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९६४ साली केलेल्या पहिल्या आराखड्यात नौकेचे नाव 'यॉर्कटाउन' होते. 'एंटरप्राइझ' हे मागाहून आले. ही दोन्ही नावे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन विमानवाहू जहाजांची. 'यॉर्कटाउन' १९४२ च्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत बुडाले, 'एंटरप्राइझ' युद्धातून बचावले, आणि १९६१ साली त्याच नावाचे जगातील पहिले अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज आरमारात दाखल झाले. रॉडनबेरी यांनी स्वतः त्या युद्धात बाँबफेकी विमाने चालविली होती. म्हणजे कथेत नाव ठेवणारे आहे ते एक आरमार, आणि आरमारे पूर्वजांची नावे पुन्हा पुन्हा वापरतात. भविष्यकाळातील ती नौका प्रेक्षकांस खरी वाटली, त्यास या एका शब्दाने मोठा हातभार लावला.

१९६८ सालच्या एका भागात 'एंटरप्राइझ'बरोबर आणखी चार नौका येतात : 'लेक्सिंग्टन', 'एक्सकॅलिबर', 'हुड' व 'पोटेमकिन'. पहिली अमेरिकन, दुसरी आर्थर राजाच्या तलवारीवरून, तिसरी १९४१ मध्ये बुडालेल्या ब्रिटिश युद्धनौकेची, आणि चौथी, ज्या रशियन युद्धनौकेवरील खलाशांनी १९०५ साली बंड केले तिची. अमेरिका व रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू असताना एका अमेरिकन मालिकेने आपल्या ताफ्यात हे रशियन नाव घातले. पृथ्वीवरील राष्ट्रांचे भांडण मिटले आहे, हे कोणत्याही पात्राने भाषण करून सांगण्याची गरज उरली नाही. नावाकडून घ्यावयाचे काम ते हेच.

मालिकाकारांची चूकही मुलांस दाखवावी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका भागात 'इंट्रेपिड' नावाच्या नौकेवरील सर्व कर्मचारी व्हल्कन या परग्रहाचे रहिवासी आहेत. नाव मात्र इंग्रजी! व्हल्कनांनी आपल्या नौकेस परभाषेतील 'निर्भय' हे विशेषण का लावावे? शिवाय भय इत्यादी विकार जिंकल्याचा ज्यांस अभिमान, ते निर्भयतेची फुशारकी कशास मारतील? ही त्रुटी खरी, परंतु कथा लिहिणाऱ्यास अशी त्रुटी म्हणजे उघडे दारच. नाव लादले गेले काय? कोणी विरोध केला काय? एवढ्यावर सातवीच्या मुलाची दोन पाने सहज होतील.

पुढे १९९३ साली सुरू झालेल्या 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत लहान नौकांस पृथ्वीवरील नद्यांची नावे दिलेली आहेत : रिओ ग्रांदे, यांगत्से, मेकाँग, व्होल्गा आणि आपली गंगा, अर्थात तिच्या इंग्रजी 'गँजीस' या रूपात. गोदाकाठच्या अथवा भीमाकाठच्या मुलास या यादीत आपली नदी घालण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण नियम त्याला आधीच आखून मिळालेला आहे. भारतीय नौदलानेही १९८३ ते १९८८ या काळात 'गोदावरी', 'गंगा' व 'गोमती' या तीन युद्धनौका सेवेत घेतल्या. तिन्ही नद्या, तिन्हींचे आद्याक्षर एक. आता तिन्ही निवृत्त झाल्या आहेत, पण एका वर्गाच्या नौकांस एका सूत्रात कसे ओवावे याचा इतका सोपा नमुना दुसरा नाही.

नाव ठेवणारे नेहमी सरकारच असते असे मात्र नाही. १९८६ सालच्या 'स्टार ट्रेक'च्या चौथ्या चित्रपटात नायकमंडळींनी वरिष्ठांचा हुकूम मोडून मित्राचा जीव वाचविलेला आहे. त्यांची स्वतःची नौका नष्ट झालेली आहे, आणि शत्रूची हस्तगत केलेली नौका घेऊन ती शिक्षा भोगावयास पृथ्वीकडे निघाली आहेत. जुने डॉक्टर त्या नौकेस 'बाउंटी' असे नाव देतात व ते तिच्या अंगावर रंगाने लिहिले जाते. १७८९ साली 'बाउंटी' या इंग्रज जहाजावरील खलाशांनी कप्तान ब्लाय याच्याविरुद्ध बंड केले होते. ही मंडळी स्वतःस बंडखोर म्हणून हसत आहेत, हे त्या एका शब्दात आले. आरमाराच्या कचेरीतून हे नाव कधीही मंजूर झाले नसते.

स्कॉटिश लेखक इयन बँक्स यांच्या कादंबऱ्यांत तर नौका बुद्धिमान असून स्वतःची नावे स्वतःच ठेवतात. १९८८ सालच्या एका कादंबरीत एकीचे नाव 'सूचना तेवढ्या वाचा' अशा अर्थाचे, तर दुसरीचे 'अर्थातच माझे अजून तुझ्यावर प्रेम आहे' अशा अर्थाचे आहे. ही नावे ऐकून वर्ग हसेल. हसू द्यावे, व लगेच विचारावे की टेंपोच्या मागे, मालमोटारीच्या कपाळावर, मच्छीमाराच्या होडीवर काय काय लिहिलेले असते? 'आईचा आशीर्वाद' हे नाव वाहनाच्या मालकाविषयी जेवढे सांगते, तेवढे त्याचा नोंदणी क्रमांक सांगत नाही. खेड्यातील मूल नामकरणाच्या बाबतीत मुळीच अडाणी नसते. ते ज्ञान वहीत आणावयाचे असते हे त्यास कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

उच्चाराची कसोटी थोडक्यात सांगता येईल. नौका संकटात असताना कप्तान तिचे नाव घेऊन ओरडू शकला पाहिजे. दोन विद्यार्थ्यांस वर्गाच्या दोन टोकांस उभे करून एकमेकांस हाक मारावयास लावावी. 'गगनविजयध्वजवाहिनी' आपोआप गळून पडेल. सोपेपणाचा विचार मोठी माणसेही करतात. भारताच्या चांद्रमोहिमेसाठी 'सोमयान' हे नाव सुचविले गेले होते. २००३ साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी 'चंद्रयान' पसंत केले. सोम म्हणजे चंद्रच, परंतु सोम ही वनस्पतीही आहे आणि वारही आहे. चंद्र म्हटल्यावर पहिलीतले मूलही वर पाहते.

लिंगाचा प्रश्न मात्र मराठीत अवघड आहे व तो टाळू नये. नौका स्त्रीलिंगी, जहाज व यान नपुंसकलिंगी. मग 'विक्रांत' बंदरात आली की आले? मनात नौका असेल तर आली, जहाज असेल तर आले. विद्यार्थ्याने एक ठरवावे व ते शेवटपर्यंत पाळावे. व्याकरणाच्या तासाला कंटाळणारी मुले या प्रश्नावर हिरिरीने भांडतात असा अनुभव येतो.

नावाबरोबर कारण लिहून घेणे हा या पाठाचा आवश्यक भाग समजावा. अमेरिकेच्या 'एंडेव्हर' या अंतराळयानाचे नाव शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतून १९८९ साली निश्चित झाले. तेथे नुसते नाव पाठवून भागत नव्हते. ते एखाद्या शोधप्रवासी जहाजाचे असावे लागे आणि त्यास जोडून मुलांनी अभ्यासप्रकल्प करावा लागे. कप्तान कुक यांच्या जहाजाचे नाव असे निवडले गेले.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका शाळेत गुरुजींनी तीन शनिवार 'एंटरप्राइझ'ची गोष्ट सांगितली व चौथ्या शनिवारी मुलांनी आपापल्या तारानौकेची गोष्ट लिहून आणली. सातवीतील एका मुलीच्या नौकेचे नाव होते 'कोयता'. गुरुजींनी ते तांबड्या शाईने खोडून वर 'गरुड' असे लिहिले आणि समासात शेरा दिला : 'नाव शोभेसे हवे.' मुलगी काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी तिने वही आणली नाही.

त्यानंतरच्या तासाला गुरुजींनी साऱ्या वर्गास नाव कोणी ठेवले हा प्रश्न विचारला, तेव्हा तिलाही उभे केले. ती म्हणाली, "माझ्या नौकेत दोनच माणसं आहेत, गुरुजी. नवरा-बायको. नाव मुकादमानं वहीत लिहून घेतलं." ऊसतोडीच्या कामात पती-पत्नीची एक जोडी म्हणजे एक कोयता असा हिशेब धरतात व उचल त्या हिशेबानेच मिळते, हे त्या भागातील शिक्षकांस सांगावयास नको. तिच्या कथेतील जोडपे एका हंगामापुरते दूरच्या ताऱ्यावर कामास चालले होते, आणि त्यांची मुलगी आजीपाशी राहून त्यांच्या संदेशाची वाट पाहत होती. नौकेस दुसरे नाव असूच शकत नव्हते. गुरुजींनी 'गरुड' वर रेघ मारली, खाली 'कोयता' पुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहिले, आणि समासातील शेराही खोडला.

मग वर्गात वाद निघाला. तिने 'कोयता निघाला' असे लिहिले होते; मागच्या बाकावरील मुलांचे म्हणणे, नौका म्हटल्यावर 'निघाली' हवे. मुलगी म्हणाली, "आमच्यात निघाला असंच म्हणतात." गुरुजींनी दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहिली. बऱ्याच चर्चेअंती वर्गाने असे ठरविले की अंतराळस्थानकावरील कारकुनाने आपल्या नोंदवहीत 'कोयता निघाली' असे लिहावे, आणि आजीच्या तोंडी 'कोयता निघाला' हेच ठेवावे.