विंबल्डनचा खेळ आणि सारखी मजुरी

खळ्यावर धान्य मोजताना आपण काय पाहतो? माप एकच आहे ना, हे पाहतो. देताना लहान पायली नि घेताना मोठी, असे कोणी केले तर त्याला आपण लबाड म्हणतो. आज आपण एका परदेशी खेळाची हकिगत वाचणार आहोत. त्या खेळातही पुष्कळ वर्षे दोन मापे होती. एक पुरुषांना, दुसरे बायकांना. ती दोन मापे एक कशी झाली, ते आम्ही सांगतो. सावकाश वाचा.

खेळ कसा असतो

इंग्लंड देशात लंडन नावाचे मोठे शहर आहे. त्या शहराच्या एका भागाला विंबल्डन म्हणतात. तिथे दर वर्षी टेनिस ह्या खेळाची स्पर्धा भरते. जूनच्या अखेरीस ती सुरू होते आणि जुलैत संपते. दोन आठवडे जणू जत्राच! देशोदेशीचे खेळाडू तिथे येतात.

टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. एकास एक खेळताना त्याची रुंदी २७ फूट धरतात. मधोमध आडवी जाळी बांधलेली असते. मध्यभागी ती ३ फूट उंच असते. दोन बाजूंना दोन खेळाडू उभे राहतात. दोघांच्या हातात रॅकेट असते. रॅकेट म्हणजे दांडा लावलेली लांबट गोल चौकट. तिच्यात ताणून दोऱ्या विणलेल्या असतात. चेंडूचे वजन सुमारे ५८ ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढे. आलेला चेंडू जाळीवरून पलीकडे परत मारायचा. आपल्या बाजूला त्याचे दोन टप्पे पडले, तर गुण समोरच्याला. आपण मारलेला चेंडू जाळीत अडकला किंवा रेघेबाहेर पडला, तरीही गुण समोरच्याला. झाला खेळ!

गुण मोजायची रीत मात्र गमतीची आहे. पहिल्या गुणाला १५ म्हणतात, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ४०. चौथा मिळाला की एक डाव जिंकला. पण दोघे ४० वर आले, तर पुढे लागोपाठ दोन गुण घ्यावे लागतात. असे सहा डाव आधी जिंकले, आणि दोन डावांची आघाडी असली, की एक सेट होतो. पुरुषांमध्ये पाचांपैकी तीन सेट जिंकावे लागतात. बायकांमध्ये तिनांपैकी दोन.

विंबल्डनला हा खेळ हिरवळीवर होतो. हिरवळ ८ मिलिमीटर उंच ठेवतात. जोंधळ्याचे दोन दाणे एकावर एक ठेवले, तर जेमतेम तेवढे होईल! जगातल्या चार मोठ्या टेनिस स्पर्धांपैकी गवतावरची स्पर्धा आता ही एकच उरली आहे.

सुरुवात कशी झाली

ही स्पर्धा पहिल्याने १८७७ साली भरली. तिथल्या क्लबाकडे जमीन दाबायचा, तट्टाने ओढायचा एक रूळ होता. त्याच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून स्पर्धा भरवली, असे सांगतात. तेव्हा २२ जणांनी नावे दिली. सगळे पुरुष. स्पेन्सर गोर हा गृहस्थ जिंकला. बायकांची स्पर्धा त्यानंतर सात वर्षांनी, म्हणजे १८८४ साली सुरू झाली. तिच्यात १३ जणी खेळल्या. मॉड वॉटसन ही मुलगी जिंकली. शेवटच्या सामन्यात तिने हरवले कोणाला? तिच्याच सख्ख्या बहिणीला!

पुढे कितीतरी वर्षे ह्या स्पर्धेत पैशाचे बक्षीस नव्हते. फक्त हौशी खेळाडूंनीच खेळायचे, असा नियम होता. जो पैसे घेऊन खेळेल, त्याला दार बंद. ऐकायला हे छान वाटते. पण विचार करा. ज्याच्या घरी भाकरीची सोय आहे, तोच हौस करू शकतो. गरिबाच्या पोराने काय करावे? कित्येक हौशी खेळाडूंना मागच्या दाराने पैसे मिळत, हेही सगळ्यांना ठाऊक होते. उघड घेणारा बाहेर, चोरून घेणारा आत! ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर १९६१ आणि १९६२ साली विंबल्डन जिंकला. मग तो उघडपणे पैसे घेऊन खेळू लागला. लगेच त्याला ही स्पर्धा बंद झाली. शेवटी १९६८ साली नियम बदलला. सगळ्यांना दार उघडे झाले. त्या वर्षी लेव्हर परत आला नि पुन्हा जिंकला.

दोन मापे

१९६८ साली पैशाची बक्षिसे सुरू झाली, आणि इथेच दुसरी गोष्ट उघडी पडली. पुरुषांत जिंकलेल्या लेव्हरला २००० पौंड मिळाले. पौंड हे इंग्लंडचे नाणे. बायकांत अमेरिकेच्या बिली जीन किंग जिंकल्या. त्यांना मिळाले ७५० पौंड. आता आपल्या नाण्यात हिशेब करून पाहा. गड्याला दोन रुपये दिले, तर बाईला बारा आणे!

किंग बाई गप्प बसल्या नाहीत. १९७० साली त्यांच्यासह नऊ जणी एकत्र आल्या. एकेक डॉलरचा करार करून त्यांनी आपल्या वेगळ्या स्पर्धांना आरंभ केला. १९७३ साली बायकांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेने पुरुषाला आणि बाईला सारखे बक्षीस दिले. विंबल्डनचे मात्र मन वळेना. फरक हळूहळू कमी झाला, पण गेला नाही. २००६ सालीसुद्धा जिंकणाऱ्या पुरुषाला ६,५५,००० पौंड, तर बाईला ६,२५,००० पौंड होते.

कोणी म्हणेल, "पुरुष पाच सेट खेळतात, बाया तीनच. मग पैसे कमी नकोत का?" ह्या प्रश्नाचा नीट विचार करू. एखादा पुरुष पाच सेट न खेळता तिनांतच जिंकला, तर त्याचे पैसे कापतात का? नाही कापत. म्हणजे तिथे पैसे तासावर नाहीत, जिंकण्यावर आहेत. मग बाईनेच तेवढे तास का मोजून द्यावेत?

दुसरा म्हणेल, "एवढे लाखो पौंड मिळतात. थोड्याशा फरकासाठी भांडायचे कशाला?" अहो, पायली चिमूटभर लहान असली तरी ती खोटीच. भांडण चिमटीचे नसते, मापाचे असते.

लेखणीचे बळ

व्हीनस विल्यम्स ह्या अमेरिकेतल्या काळ्या वर्णाच्या खेळाडू. लहानपणी त्या सार्वजनिक मैदानांवर, वडिलांच्या हाताखाली टेनिस शिकल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी विंबल्डन अनेकदा जिंकले. २००५ साली त्यांनी स्पर्धा चालवणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन सारखे बक्षीस मागितले. मिळाले नाही. मग २००६ साली त्यांनी लंडनच्या एका मोठ्या वृत्तपत्रात लेख लिहिला. लोकांनी तो वाचला. त्यावर बोलणे सुरू झाले. तिथल्या पार्लमेंटातही हा प्रश्न निघाला. अखेर २००७ च्या फेब्रुवारीत विंबल्डनने जाहीर केले, की यापुढे बक्षीस सारखे!

त्या वर्षी जिंकले कोण? पुरुषांत रॉजर फेडरर. आणि बायकांत स्वतः व्हीनस विल्यम्स! दोघांना ७,००,००० पौंड, रुपयाचाही फरक नाही. १९६८ पासून २००७ पर्यंत, म्हणजे ३९ वर्षे लागली.

आपली माणसे

आपल्या देशाची माणसेही तिथे खेळली आहेत. पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमा राव संस्कृतच्या मोठ्या कवयित्री होत्या. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ साली विंबल्डनला एक सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. रामनाथन कृष्णन हे १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षे शेवटच्या चौघांत पोचले. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ साली पुरुषांची जोडीची स्पर्धा जिंकली. २०१५ साली सानिया मिर्झा हिने मार्टिना हिंगिसबरोबर बायकांची जोडीची स्पर्धा जिंकली.

आता आपल्या शिवारात

आमच्या लहानपणची गोष्ट सांगतो. आमची आई ज्वारीच्या काढणीला मजुरीने जाई. रानात प्रत्येकाला एकेक पात धरावी लागे. गड्याची पात नि बाईची पात सारखीच. संध्याकाळी मात्र गड्याच्या हातावर दोन रुपये पडत, आईच्या हातावर सव्वा. आम्ही एकदा विचारले, "आई, तुला कमी का गं?" ती म्हणाली, "बाईमाणसाचा भाव तोच असतो, बाळा." आम्ही पुढे शाळेत मास्तर झालो, मुलांना हजारो हिशेब शिकवले. पण तो एक हिशेब आम्हाला अजून सुटलेला नाही.

आपल्या देशात १९७६ साली सारख्या वेतनाचा कायदा झाला. सारख्या कामाला पुरुषाला आणि बाईला सारखी मजुरी, असे त्यात सांगितले. २०१९ साली वेतनाचा नवा कायदा केला, त्यातही ही गोष्ट ठेवली आहे. पण कायदा कागदावर असतो, आणि कागद वाचावा लागतो. म्हणून भगिनींनो, यापुढे हजेरीपटावर सही करण्याआधी आपल्या नावापुढचा आकडा वाचा. शेजारच्या गड्याच्या नावापुढचाही वाचा. आकडे सारखे नसले, तर का नाहीत ते विचारा. एकटीने विचारू नका, चौघीजणी मिळून विचारा. आणि बंधूंनो, तुम्हीही त्यांच्या बाजूने उभे राहा. तुमच्याही घरी आई आहे, बहीण आहे. तिची पात तुमच्या पातीपेक्षा लहान नाही.

प्रश्न

१. लेव्हर १९६२ साली जिंकूनही त्याला विंबल्डनला खेळणे का बंद झाले?

२. १९६८ साली पुरुषाला २००० पौंड आणि बाईला ७५० पौंड मिळाले. बाईला किती पौंड कमी मिळाले?

३. विंबल्डनला १२८ पुरुष एकेरी खेळतात. हरला तो घरी जातो. शेवटी एकच उरायला एकूण किती सामने व्हावे लागतील? (प्रत्येक सामन्यात एकजण घरी जातो, हे लक्षात ठेवा. फार आकडेमोड लागणार नाही.)

४. तुमच्या गावात खुरपणीला गड्याला किती मजुरी मिळते नि बाईला किती? दोन्ही आकडे पाटीवर लिहा आणि वर्गात त्यावर बोला.